ओटा, प्लाय आणि ट्रॉल्या : जुन्या फ्लॅटमधल्या नव्या स्वयंपाकघराचे परीक्षण

स्वयंपाकघर नव्याने करायला घेतले की घरात पहिली चर्चा रंगाची होते, आणि सिंकखालच्या कपाटाची चर्चा झालीच तर काम संपत आल्यावर होते. या परीक्षणात मी तो क्रम उलटा ठेवला आहे. आमचे स्वयंपाकघर करून आता काही पावसाळे उलटले आहेत आणि एवढ्या वापरानंतर माझे ठाम मत झाले आहे की आपल्याकडच्या स्वयंपाकघराचे साहित्य पाणी, वाफ, तेल आणि वजन या चार गोष्टी पाहून ठरवावे. दरवाज्यांचा रंग त्यानंतर कोणताही चालतो.

आमचा फ्लॅट पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, जुन्या इमारतीत आहे. स्वयंपाकघर साधारण आठ फूट बाय दहा फूट, एका भिंतीला खिडकी, दुसऱ्या बाजूला ड्राय बाल्कनीचे दार आणि बिल्डरने दिलेला ‘एल’ आकाराचा ओटा. घरात दोन्ही वेळा पोळ्या होतात, आठवड्यातून काही वेळा भाकरी होते, फोडणीशिवाय एकही स्वयंपाक होत नाही आणि दोन-तीन महिन्यांची धान्याची साठवण असते. काम आम्ही मोठ्या शोरूमला न देता आमच्याच भागातल्या, स्वतःचा छोटा कारखाना असलेल्या एका ट्रॉलीवाल्याला दिले. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण हे परीक्षण मुख्यतः साहित्याचे आहे आणि साहित्य पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात कुठेही तेच मिळते.

जुन्या मराठी घरांत ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फरश्यांचे कप्पे असतात. आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागातून येणारा हा काळसर चुनखडीचा दगड आहे. मॉड्युलर किचन करणारे बहुतेक जण पहिली सूचना हीच करतात की कडप्पा फोडून टाका आणि प्लायचे बॉक्स बसवा. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जुन्या कप्प्यांची रुंदी कधीच सारखी नसते, काटकोन नीट नसतात, इंचभर जाडीचा दगड जागा खातो आणि तयार मापाच्या ट्रॉल्या त्यात बसत नाहीत. तरीही आम्ही सिंकखालचा आणि सिलिंडरचा असे दोन कप्पे कडप्प्याचेच ठेवले, उरलेले काढले, आणि या संपूर्ण कामातला मला सर्वांत समाधान देणारा निर्णय हाच आहे. सिंकचा सायफन आज ना उद्या गळतोच. वेस्ट पाइपचा वॉशर सैल होतो, फिल्टरचे सांडपाणी उलटे येते, ओली घासणी आणि साबणाचा डबा कायम तिथेच असतो. प्लाय कितीही चांगला असला तरी रोजच्या ओलीपुढे त्याच्या कडा कधीतरी फुगतात. दगड फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि तो पाणी टाकून धुता येतो. या दोन कप्प्यांना आम्ही पुढून ॲल्युमिनियमची चौकट लावून इतरांसारखेच दरवाजे बसवले, त्यामुळे बाहेरून फरक कळतही नाही. सिलिंडरच्या कप्प्याच्या दाराला खालच्या बाजूला झडपा ठेवायला सांगितल्या, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो तळाशी साचतो. अनेक सुंदर स्वयंपाकघरांत सिलिंडरचे कपाट चारही बाजूंनी घट्ट बंद केलेले मी पाहिले आहे आणि ते पाहून खरोखर काळजी वाटते.

आता ओट्याच्या दगडाविषयी, कारण रोजचा हात तिथेच लागतो. आपला बराचसा महाराष्ट्र काळ्या बेसाल्टच्या थरांवर वसलेला असल्यामुळे आपल्याकडे ग्रॅनाइट प्रामुख्याने कर्नाटक, आंध्र, तेलंगण आणि तमिळनाडूतून येतो. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो भूशास्त्राच्या दृष्टीने बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, पण स्वयंपाकघरात त्याने काही बिघडत नाही; उलट हे खडक घट्ट असतात आणि तेल-पाणी कमी पितात. संगमरवर ओट्यावर घालू नये, असे मी अगदी स्पष्ट सांगेन. तो कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो आणि लिंबू, चिंच, कोकम किंवा व्हिनेगर त्यावर थोडा वेळ राहिले की पॉलिश उडून कायमचा पुसट डाग पडतो. कडप्पाही चुनखडीच असल्याने वरच्या पृष्ठभागासाठी तोही योग्य नाही. त्याची जागा ओट्याखाली.

दुकानात दगड निवडताना आम्ही नमुन्याचे तुकडे मागून घेतले आणि घरी पारखले. तुकड्यावर पाण्याचे थेंब ठेवून थोड्या वेळाने पुसले आणि खाली गडद ठिपका उरला, तर तो दगड पाणी पितो असे समजावे. नेलपॉलिश काढायच्या द्रवात पांढरा कपडा बुडवून दगडावर घासला आणि कपडा काळा झाला, तर दगडाला रंग दिलेला आहे. काळ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या दगडांपैकी काही मुळात करड्या रंगाचे असतात आणि रंग व तेल लावून ते काळे केलेले असतात; हा रंग ओट्यावर काही महिन्यांत फिका पडू लागतो. तिसरी परीक्षा लिंबाची फोड रात्रभर तुकड्यावर ठेवण्याची. चांगल्या ग्रॅनाइटला सकाळी काहीही झालेले नसते.

आम्ही आरशासारखे चकचकीत पॉलिश असलेला काळा दगड घेतला. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग त्यावर लगेच दिसतात, हा त्याचा खरा दोष आहे आणि ज्यांच्या इमारतीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी येते त्यांनी तो गृहीत धरावा. लेदर फिनिश नावाचा खडबडीत पृष्ठभाग हे डाग लपवतो, पण त्याच्या बारीक खळग्यांत हळद आणि तेल एकत्र बसले की ते काढायला ब्रश लागतो. आमच्याकडे पोळपाटाखाली सांडलेले पीठ रोज पुसायचे असल्याने गुळगुळीत पृष्ठभागच सोयीचा ठरला.

ओट्याच्या बाबतीत दोन बारीक गोष्टींकडे कोणी लक्ष देत नाही. पहिली म्हणजे पुढच्या कडेच्या खालच्या अंगाला, धारेपासून थोडे आत, ग्राइंडरने मारलेली अरुंद खाच. ओट्यावरून ओघळणारे पाणी या खाचेपाशी तुटते आणि थेट जमिनीवर पडते. खाच नसेल तर तेच पाणी दगडाच्या तळाला चिकटून आत सरकते आणि दरवाज्याच्या वरच्या कडेत मुरते. ट्रॉल्यांचे दरवाजे वरून फुगलेले दिसतात त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. आमच्या दगडवाल्या मिस्त्रींनी ती खाच न सांगता मारली, आणि त्यांच्या कामाविषयी माझा आदर तिथूनच वाढला. दुसरी गोष्ट उंचीची. उभे राहून कोपर काटकोनात वळवले असता ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा हा नेहमीचा हिशेब पोळ्या लाटायला आणि भाजी चिरायला चालतो, पण भाकरी थापताना खांद्यातून जोर येतो आणि तेवढ्या उंचीवर मनगट दुखते. सासूबाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितले होते. म्हणून खिडकीकडचा छोटा भाग आम्ही मुख्य ओट्यापेक्षा तीन इंच खाली घेतला. परात, पोळपाट आणि मिक्सर तिथे असतात. तयार मापाच्या मॉड्युलर बॉक्समध्ये ही सोय करायला कारखानदार नाखूश असतात, कारण एका भागासाठी सगळी मापे वेगळी करावी लागतात. आमच्या ट्रॉलीवाल्यांनीही सुरुवातीला टाळाटाळ केली, पण शेवटी केले आणि नीट केले.

ग्रॅनाइटऐवजी क्वार्ट्झ घ्यावा असा आग्रह दुकानांत फार होतो, त्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहितो. क्वार्ट्झचा ओटा म्हणजे गारगोटीचा चुरा रेझिनमध्ये, म्हणजे चिकट कृत्रिम द्रव्यात, घट्ट दाबून केलेली फरशी. तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त खनिज असते. ती पाणी जवळजवळ पीत नाही, तिला सीलर लागत नाही, आणि पांढऱ्या रंगात एकसारखी मिळते, जे नैसर्गिक दगडात दुर्मीळ आहे. पण सगळे अवलंबून असते ते मधल्या रेझिनवर, आणि रेझिनला उष्णता सोसत नाही. दीडशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेले भांडे थेट टेकवले तर पिवळा डाग किंवा तडा जाण्याचा धोका असतो, आणि पोळीचा तवा किंवा तळणीची कढई त्याहून पुष्कळ तापलेली असते. आपल्याकडे घाईत तवा उतरवून बाजूला ठेवण्याची सवय सर्वांनाच आहे. पाहुणे आलेले असताना प्रत्येक वेळी कोणी लाकडी पाट शोधत बसणार नाही. शिवाय थेट उन्हात रेझिन हळूहळू पिवळसर होते, म्हणून पश्चिमेच्या खिडकीखालीही तो नको. जिथे शेगडी वेगळ्या भागात आहे आणि क्वार्ट्झचा उपयोग फक्त चहा-नाश्त्याच्या टेबलासाठी आहे तिथे तो जरूर घ्यावा.

याच साहित्याशी जोडलेली एक गंभीर बाब आहे. क्वार्ट्झची फरशी कोरडी कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ कारागिरांच्या फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस हा असाध्य आजार होतो. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून इंजिनिअर्ड स्टोनच्या, म्हणजे क्वार्ट्झसारख्या कृत्रिम दगडाच्या, फरश्यांच्या निर्मितीवर, विक्रीवर आणि बसवण्यावर बंदी घातली. सिलिका ग्रॅनाइटमध्येही असतेच, प्रमाण कमी. म्हणून दगड कोणताही असो, सिंकचा आणि शेगडीचा कट दगडवाल्याच्या कारखान्यात पाणी सोडून मारून आणावा, घरात कोरडा ग्राइंडर चालवू देऊ नये, असे मला मनापासून वाटते. आम्ही मापांचा पुठ्ठा कापून दिला आणि कट तिथूनच मारून आणले. घरात धूळ उडाली नाही हा आमचा फायदा होता, पण कापणाऱ्या मुलाच्या छातीत ती गेली नाही ही त्याहून मोठी गोष्ट आहे.

ओट्याखालच्या बॉक्सविषयी बोलताना सर्वांत जास्त गोंधळ प्लायच्या नावांचा होतो. कमर्शियल किंवा एमआर म्हणून मिळणारा प्लाय केवळ दमट हवा सोसतो. पाण्याचा संपर्क त्याला सोसत नाही. त्यावर बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला बऱ्यापैकी टिकणारा) येतो आणि त्याच्याही वर बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा), ज्याला बाजारात मरीन किंवा नुसते ‘सातशे दहा’ म्हणतात, कारण त्याचे भारतीय मानक आयएस ७१० हे आहे. या मानकात प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही त्याचे थर सुटता कामा नयेत अशी अट आहे. फरक मुख्यतः डिंकात असतो : स्वस्त प्लायमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइड आणि पाण्याला टिकणाऱ्या प्लायमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइड. शीटवर आयएसआयचे चिन्ह, त्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली परवान्याचा क्रमांक, तिन्ही छापलेले असायला हवेत. नुसते ‘मरीन’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असणे पुरेसे नाही. आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन शीट पाहिल्या. तिथल्या एका जाणत्या विक्रेत्याने शीटची कड दाखवून सांगितले की आतल्या थरांत पोकळ्या किंवा एकावर एक चढलेले पापुद्रे दिसले तर छाप काहीही असो, ती शीट घेऊ नये. पुढे कारखान्यात आलेल्या मालाचा उरलेला तुकडा आम्ही घरी पातेल्यात बराच वेळ उकळून पाहिला आणि त्याचे थर सुटले नाहीत, तेव्हा कुठे समाधान झाले. आमच्या कोटेशनमध्ये कमर्शियल आणि मरीन प्लायमधला फरक एकूण रकमेच्या एक दशांशाहून कमी होता. इतक्या फरकासाठी बॉक्समध्ये तडजोड करण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही.

पार्टिकल बोर्डचे, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांचे, बॉक्स कारखान्यातून अतिशय नेटके येतात आणि कोरड्या खोलीतल्या कपाटासाठी ते ठीक आहेत, पण ओट्याखाली नकोत. एकदा पाणी शिरले की बोर्ड फुगतो आणि स्क्रू धरत नाही. एचडीएचएमआर नावाचा दाट बोर्ड मात्र दरवाज्यांसाठी आम्ही मुद्दाम वापरला. प्लायचा उंच दरवाजा कालांतराने थोडा पीळ खातो, हा बोर्ड सरळ राहतो. ओल त्याला लाकडाच्या तंतूंच्या साध्या एमडीएफ बोर्डपेक्षा बरी सोसते, पण तोही जलरोधक नाही, हे विक्रेते सांगोत न सांगोत, लक्षात ठेवावे. बॉक्स प्लायचे आणि दरवाजे एचडीएचएमआरचे, ही विभागणी आजपर्यंत उत्तम चालली आहे.

जे साठवायचे त्यावरून साहित्य निवडण्याचा विचार नवा नाही. १९२६ मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे छोटे स्वयंपाकघर आखले, तिथूनच आजच्या मॉड्युलर किचनची सुरुवात मानली जाते. त्या स्वयंपाकघरात पिठाचे खण ओक लाकडाचे होते, कारण त्या लाकडातल्या टॅनिनमुळे पिठात किडे होत नाहीत असा हिशेब होता. चिरण्याची फळी बीचची होती, कारण तिच्यावर सुरीचे व्रण आणि डाग कमी पडतात. आणि डाळ-साखरेसाठी ओतायची चोच असलेले ॲल्युमिनियमचे खण होते. अवघ्या १.९ मीटर बाय ३.४ मीटर जागेत इतका विचार त्या बाईंनी केला होता. आजच्या शोरूममध्ये एकाच रंगाच्या भिंतभर दरवाज्यांपुढे उभे राहिल्यावर आत काय ठेवायचे हा प्रश्न कोणी विचारतसुद्धा नाही, याचे वाईट वाटते.

आमच्याकडे आत ठेवायचे ते मुख्यतः जड आहे : पितळी परात, लोखंडी तवे, कुकर, धान्याचे डबे. म्हणून ट्रॉल्यांवर आणि चॅनेलवर, म्हणजे खण ज्यांवर सरकतात त्या पट्ट्यांवर, हात आखडता घेतला नाही. चॅनेल किती किलो पेलते हे त्यावर किंवा त्याच्या खोक्यावर लिहिलेले असते आणि ते वाचूनच घ्यावे. डब्यांच्या रुंद खणाला ३० किलोंचे चॅनेल लवकर लोंबते, तिथे ५० किलोंच्या वरचे हवे. सॉफ्ट क्लोज ही सोय मला आधी केवळ चैन वाटत होती, पण काचेच्या बरण्यांच्या खणात तिचा खरा उपयोग आहे. बिजागऱ्या आणि चॅनेल आम्ही रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन स्वतः घेतले. तिथे एकाच दुकानात सर्व प्रकार हाताने उघडून-मिटून पाहता येतात आणि दुकानदारही घाई करत नाहीत.

स्टीलच्या ट्रॉल्यांचा व्यवहार मात्र डोळसपणे करावा लागतो. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते आणि ते गंजाला चांगले टिकते. २०२ प्रतीत निकेलचा बराचसा भाग मँगनीजने भरून काढलेला असतो, ती स्वस्त असते आणि खारट ओलीत, विशेषतः जोडाच्या ठिकाणी, तांबूस होऊ लागते. चुंबक लावून पारख करण्याची पद्धत घरोघरी माहीत आहे, पण २०२ लाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे ती पारख या दोन प्रतींमध्ये काहीच सांगत नाही. बॅटरीला जोडून थेंब टाकायची एक रसायनाची बाटली मिळते. थेंबाचा रंग बदलण्यावरून प्रत कळते. आमच्या ट्रॉलीवाल्यांनी ती आमच्यासमोर लावून दाखवली. ताटे आणि कप-बशांसाठी जाळीच्या ट्रॉल्या योग्य, कारण पाणी निथळते; मसाल्याच्या पुड्या, लाटणी, झारे यांसाठी छिद्रांच्या पत्र्याच्या किंवा सपाट तळाच्या खणांना पर्याय नाही. जाळीतून बारीक वस्तू खाली पडतात आणि चॅनेलमध्ये अडकतात.

कोपऱ्यातून फिरत बाहेर येणाऱ्या महागड्या ट्रॉल्या आम्ही घेतल्या नाहीत. त्या कोपऱ्यात गव्हाचे पिंप उभे आहे आणि ते तिथे अगदी शोभते.

दरवाज्यांच्या शैलीबद्दल थोडक्यात. खोबणी आणि चौकटी असलेले विलायती धाटणीचे दरवाजे छायाचित्रात फार सुंदर दिसतात, पण फोडणीच्या घरात त्या खोबणीत तेलाची चिकट धूळ बसते आणि ती काढायला टोकदार काडी लागते. पीव्हीसी पापुद्र्याचे मेम्ब्रेन दरवाजे शेगडीजवळ उष्णतेने सुटतात. ॲक्रिलिकवर घासणीचे ओरखडे उठतात. आम्ही एक मिलिमीटर जाडीचा मॅट सनमायका घेतला, खाली गडद मेंदी आणि वर फिका पिवळसर, आणि तो ओल्या फडक्याने पुसला की स्वच्छ होतो. हँडल नसलेले दरवाजे टाळले, कारण कणकेचा हात दरवाज्याच्या कडेला लागतो. साधे स्टीलचे लांब हँडल दोन बोटांनी ओढता येते. कडांची पट्टी मात्र कारखान्यात यंत्रावर, पीयूआर (पॉलियुरेथेनच्या) डिंकाने लावून घ्यावी. साध्या डिंकाची पट्टी कुकरच्या वाफेने सुटते, आणि वरच्या कपाटांच्या तळाला ती वाफ रोज लागत असते.

वरच्या कपाटांची एक बाजू आम्ही रिकामी ठेवून तिथे जुनी स्टीलची मांडणी परत लावली. ताटे, वाट्या, भांडी धुऊन सरळ तिथे जातात, निथळतात आणि हाताला लगेच सापडतात. डिझाइन करून देणाऱ्या मुलीला ती जुनाट वाटली होती, पण आमच्या घरात तिच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. शेजारच्या उघड्या फळीवर तांबट आळीतून घेतलेली पितळी भांडी आहेत. उघड्या फळ्यांवर तेलाचा थर बसतो हे खरे. म्हणून त्या शेगडीपासून दूरच्या भिंतीवर असाव्यात आणि त्यावर रोज वापरायच्याच वस्तू ठेवाव्यात.

टाइल्सबद्दल मुख्य मुद्दा टाइलचा नसून सांध्यांचा आहे. हळदीतले कर्क्युमिन तेलात विरघळते आणि सिमेंटच्या सांध्यात मुरते. पांढरा सांधा शेगडीमागे काही आठवड्यांत पिवळा होतो. इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचे रेझिनचे मिश्रण, महाग आहे, बसवताना त्याची पुसट साय टाइलवरून त्याच वेळी पुसावी लागते, पण आमच्या शेगडीमागचे सांधे आजही मूळ करड्या रंगाचे आहेत. हळदीचा डाग राहिलाच तर तो भाग उन्हात येऊ द्यावा. उजेडाने कर्क्युमिनचा रंग उडतो.

सिंक घेताना भांडी घासायला येणाऱ्या मावशींना विचारून घेतले. दुकानात दहा इंच खोलीचे सिंक मोठ्या कौतुकाने दाखवतात, पण ओट्याच्या उंचीतून ती खोली वजा केली की तळापर्यंत हात नेताना कंबर वाकते. मावशींनी आठ इंच पुरे म्हणून सांगितले आणि परात आडवी बसेल इतकी लांबी मागितली. एक मिलिमीटर जाडीचे, ३०४ प्रतीचे, मॅट पृष्ठभागाचे एकच मोठे सिंक घेतले. दोन भागांच्या सिंकमध्ये आपली कढई एकाही भागात मावत नाही.

चिमणीचे यश धुराड्यावर ठरते. सहा इंच व्यासाचा पाइप, शक्य तितका सरळ आणि कमीत कमी वळणांचा, थेट बाहेर. यापलीकडे चिमणीच्या जाहिरातीत जे लिहिलेले असते त्याचा आमच्या अनुभवात फारसा फरक पडला नाही.

सेवेविषयी माझी तक्रारही नोंदवतो. काम ठरल्यापेक्षा बरेच लांबले, आणि पाइपसाठी बॉक्सच्या मागच्या फळीत पाडलेल्या भोकांच्या कडा कारागिरांनी उघड्याच सोडल्या होत्या. मरीन प्लायसुद्धा अशा कापलेल्या कडेतूनच पाणी पितो. दाखवल्यावर त्यांनी कडांना सीलर आणि सिलिकॉन लावून दिले, दरवाजे पहिल्या पावसाळ्यानंतर थोडे खाली आले होते ते बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवून सरळ केले, आणि दोन्ही वेळा पैसे मागितले नाहीत. कारागिरी पाचपैकी साडेचार, वेळेचे भान पाचपैकी दोन, असे माझे गुण आहेत.

कोटेशन तपासताना स्क्वेअर फुटाचा दर कशावर लावला आहे हे आधी विचारावे. कोणी समोरच्या दरवाज्यांचे क्षेत्रफळ मोजतो, कोणी ओट्याची लांबी फुटांत धरतो, आणि दोघांचे दर शेजारी ठेवून तुलना होत नाही. आम्ही त्या कागदावर प्लायचे मानक आणि जाडी, आतल्या बाजूच्या लॅमिनेटची जाडी, स्टीलची प्रत, चॅनेलची वजनक्षमता, कडांच्या पट्टीचा डिंक आणि ग्राउटचा प्रकार स्वतंत्र ओळींत लिहून घेतला, माल कारखान्यात उतरला त्या दिवशी शीटवरच्या छापांची छायाचित्रे काढली, आणि रकमेचा शेवटचा हप्ता सिंक काठोकाठ भरून एकदम सोडल्यावर खालचा कप्पा कोरडा राहिलेला पाहूनच दिला.